अकरा अंश

काटेकाकांच्या खोलीत लोखंडाला बंदी होती, आणि ती बंदी सोवळ्याहून कडक होती. दाराबाहेर लाकडी खुंट्यांची रांग, खाली वेताची टोपली. आत जायचं तर किल्ल्या, घड्याळ, कमरेचं बक्कल, खिशातली सुटी नाणी, सगळं बाहेर ठेवायचं. एकदा खुद्द बंदराचे साहेब आले होते. त्यांच्या कोटाला धातूची बटणं. काकांनी त्यांना कोट उतरवायला लावला आणि वर ऐकवलं, "साहेब, तुमचा हुद्दा मला कळतो, काट्याला कळत नाही." साहेब हसले म्हणून बरं.

काका होकायंत्रं दुरुस्त करत. बंदरात पन्नास-साठ मच्छीमार बोटी, प्रत्येकीवर एक होकायंत्र, आणि प्रत्येक होकायंत्र दोन-तीन वर्षांतून एकदा काकांच्या टेबलावर येणारच. टेबल लाकडी, त्यात एक खिळा नाही. हत्यारं पितळेची. टेबलाच्या मधोमध पितळेची पट्टी बसवलेली, अगदी उत्तर-दक्षिण. ती काकांच्या वडिलांनी बसवली होती. तिच्यावर काकांचा जेवढा विश्वास होता तेवढा बायकोवरही नव्हता, असं काका स्वतःच सांगत. बायको समोर असली तर मुद्दाम सांगत.

बायको म्हणजे बाई. बंदराच्या शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, आणि नवराही बाईच म्हणायचा, आधी चेष्टेनं, मग सवयीनं. वरच्या दोन खोल्यांत संसार, खाली कार्यशाळा. चहा घेऊन खाली आल्या की बाई दारात थांबायच्या, केसांतल्या पिना एकेक करून काढायच्या, टोपलीत टाकायच्या आणि मगच आत पाऊल ठेवायच्या. दिवसातून दोनदा, एकतीस वर्षं. अंबाडा सुटून पाठीवर यायचा, तसाच चहा द्यायच्या. इतकी ती बाई जपणारी. आणि तिच्याच हातून हे व्हावं! पण ते ओघानं येईलच.

दोघांना एकुलता एक मुलगा. जन्मापासून डावखुरा, म्हणून डावऱ्या. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, तिथेच राहिलं.

बाईंचा एक धडा सगळ्या गावाला पाठ होता. दरवर्षी सहावीच्या वर्गाला त्या सकाळी सकाळी मैदानात न्यायच्या, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं करायच्या आणि म्हणायच्या, "समजा, तुमच्याकडे नकाशा नाही, होकायंत्र नाही, शाळासुद्धा नाही. मज्जा आहे! आता चार दिशांना चार नावं द्या बघू." पोरं काहीबाही सुचवायची. मग बाई सांगायच्या. ईस्ट म्हणजे मुळात पहाट, उजाडणं, झळाळणं. आपल्या उषेची ती लांबची बहीण, दोघी एकाच आजीच्या नाती. वेस्ट म्हणजे संध्याकाळ, सूर्य मुक्कामाला जातो ती बाजू. साऊथ म्हणजे सूर्याची बाजू, कारण ज्यांनी तो शब्द घडवला ते थंड मुलखातले, त्यांचा दुपारचा सूर्य कायम तिकडेच.

"आणि नॉर्थ?" पोरं विचारायची.

"नॉर्थचं मूळ कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. पण बऱ्याच जाणत्यांचं म्हणणं, नॉर्थ म्हणजे डावी. पहाटेकडे तोंड करून उभं राहा. डावा हात पसरा. झाली नॉर्थ." मग पुढे आपले शब्द. पूर्व म्हणजे समोरची, पश्चिम म्हणजे मागची, दक्षिण म्हणजे उजवी. "म्हणजे आपलाही माणूस तसाच उभा होता, सूर्याकडे तोंड करून. आपल्यांनी उजवा हात लक्षात ठेवला, त्यांनी डावा. यात कुठे होकायंत्र दिसतं का? काटा फार नंतर आला. शब्द आधीचे."

हे शेवटचं वाक्य पोरांसाठी नव्हतंच. ते घरी पोचायचं, कारण डावऱ्या त्याच वर्गात होता आणि त्याच्या पोटात काही राहत नसे.

मग काका जेवताना सुरू व्हायचे. "बाई, तुझे शब्द म्हणजे उन्हाचे मिंधे. ढग आले की तुझी पहाटही गेली आणि संध्याकाळही गेली. माझा काटा ढगात चालतो, धुक्यात चालतो, डोळे मिटून हात लावलास तरी तिथेच."

"तुमच्या काट्याला लोखंडाची एक पिन दिसली की चक्कर येते. माझ्या सूर्याला सगळ्या गावाच्या पिना दाखवा."

"सूर्य तर सरकतो! वर्षातून दोनच दिवस तो नेमका पूर्वेला उगवतो. बाकी दिवस इकडे नाहीतर तिकडे. हे तूच शिकवतेस ना?"

इथे बाई भात वाढायला लागायच्या, कारण ते खरं होतं. डावऱ्या मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीनं बघायचा आणि ज्याच्या ताटात शेवटचा तुकडा असेल त्याची बाजू घ्यायचा.

वर्गात बाईंचा आणखी एक रिवाज होता. उत्तर येत असेल तर उजवा हात वर. चूक केली असेल, शाई सांडली असेल, खोटं बोलला असाल, तर डावा हात वर. "आपण होऊन डावा हात वर केलात तर शिक्षा नाही. मात्र तिथल्या तिथे. उद्यावर टाकलेली चूक दुप्पट होते." डावऱ्याला काहीही येत असलं की बिचाऱ्याचा डावाच हात वर जायचा. बाई विचारायच्या, "काय चुकलं रे?" आणि वर्ग हसून हसून लोळायचा.

असा तो डावऱ्या. मोठा झाला, दहा वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर राबला, आणि सत्ताविसाव्या वर्षी त्यानं स्वतःची बोट घेतली. लहानशी, दोन माणसांची. दुसरा माणूस म्हणजे इंजिनवाला, त्याच्या बरोबरीचा, शाळेत त्याच्याच बाकावर बसणारा.

काकांना केवढा आनंद झाला! म्हणाले, "होकायंत्र माझ्याकडून." त्यांनी जुनं पितळी भांडं घासूनपुसून लखलखीत केलं, नवा काटा घेतला आणि चकती स्वतः रंगवली. होकायंत्राची चकती म्हणजे पातळ गोल पितळी पत्रा, त्याच्यावर अंश आणि चार इंग्रजी अक्षरं. खालून तिला काटा चिकटवतात, मग काटा फिरेल तशी चकती फिरते. चिकटवताना भांडं पितळेच्या पट्टीवर ठेवायचं, चकतीखाली झाकलेल्या काट्याला मोकळं स्थिर होऊ द्यायचं, आणि चकतीवरची उत्तर पट्टीशी जुळवून गोंद सुकेपर्यंत तशीच धरायची. सगळी करामत त्या वीस मिनिटांत. पोट टेबलाच्या कडेला टेकवून, श्वास रोखून काका उभे राहत.

आता वीस मिनिटं वाकून उभं राहणं साठीच्या पुढे सोपं नसतं. काकांची कमर वर्षभर त्यांचा जीव खात होती. लेप झाले, गोळ्या झाल्या. शेवटी बाईंनी दुकानातून एक पट्टा आणला. कापडी, रुंद, आत टणक चकत्या शिवलेल्या. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सोळा चुंबकांची नैसर्गिक शक्ती.

बाईंनी ते वाचलं. वाचलं नव्हतं असं त्यांना पुढे कधी स्वतःलाही म्हणता आलं नाही. वाचून त्यांना हसू आलं. साबणावर गुलाब छापलेला असतो, म्हणून साबणात गुलाब असतो का? ही दुकानदारांची बडबड, पण पट्टा जाड आहे, ऊब धरेल. मात्र चुंबक हा शब्द दिसला असता तर नवऱ्यानं पट्टा खिडकीबाहेर भिरकावला असता. म्हणून त्यांनी डबा फेकला, आतली चिठ्ठी कात्रीनं कापली, आणि सांगितलं, "दगड आहेत आत, ऊब धरतात. झोपताना बांधा."

काकांनी दोन दिवस झोपताना बांधला. तिसऱ्या दिवशी सकाळी ताठ उभे राहून म्हणाले, "बाई, तुझ्या दगडांनी कमाल केली," आणि तेव्हापासून तो पट्टा सदऱ्याखाली दिवसभर. बाईंच्या मनात एकदा आलं होतं की सांगावं, खाली जाताना काढत जा. पण मग का ते सांगावं लागलं असतं. आणि गुलाबाचा साबण होताच.

चकती लागली ती शनिवारी सकाळी. एरवी काका चिकटवलेली चकती रात्रभर टेबलावर ठेवत, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा तपासत. पण त्या दिवशी डावऱ्या दारात उभा, पहिली सफर, भरतीची वेळ साधायची. "बाबा, झालं का? तुम्ही काय अख्खं जग चिकटवताय का?" काकांनी गोंद सुकला तसा, नेईपर्यंत हलू नये म्हणून काटा पितळी स्क्रूनं अडकवला, झाकण लावलं, आणि पोराच्या हातात दिलं.

धक्क्यावर निरोप देताना डावऱ्यानं सूर्याकडे तोंड करून डावा हात पसरला, लहानपणी करायचा तसा. "आई, ही घे तुझी नॉर्थ. मासे दक्षिणेला, घर उत्तरेला. चुकायचं काही कामच नाही."

काका लगेच फुरंगटले. आपण दिलेलं यंत्र बाजूला आणि पोराचा हात वर! त्यांचा चेहरा बघून बाईंना कणव आली. एवढ्या हौसेनं माणसानं रंगवलंय. आजचा दिवस त्यांचा असू दे. म्हणून त्या म्हणाल्या, "अरे, ते शाळेपुरतं. समुद्रावर बाबांचं ऐक. सूर्य सरकतो, काटा सरकत नाही."

काकांनी चमकून बघितलं. एकतीस वर्षांत बायको पहिल्यांदा हरली होती. दिवसभर ते शीळ घालत होते.

मंगळवारी दुपारी परत आलेल्या एका बोटीवाल्यानं निरोप आणला. डावऱ्याची बोट त्याला मासेमारीच्या पाण्यात भेटली होती. लाट आत आली, दिशा दाखवणारा पडदा आणि बोलायचं यंत्र दोन्ही भिजून बंद. बाकी सगळं ठीक. "म्हणाला, घरी सांगा, काळजी करू नका, बाबांच्या काट्यावर येतोय."

काका छाती काढून म्हणाले, "येणारच."

बुधवारी दुपारपर्यंत यायला हवा होता. आला नाही.

ते बंदर म्हणजे समुद्रात लांबवर घुसलेल्या जमिनीचं टोक. दक्षिणेकडून येताना टोक नेमकं समोर धरायचं. ते डावीकडून हुकलं की पुढे जमीनच नाही, नुसतं पाणी. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. बुधवारी संध्याकाळी वारा वाढला. गुरुवारी सकाळी बंदराच्या साहेबांनी शोध सुरू केला. त्यांचा हिशेब सरळ होता. मुलगा जाणता, होकायंत्र काकांचं, म्हणजे रस्ता चुकायचा प्रश्नच नाही. इंजिन बंद पडलं असणार, आणि प्रवाह पूर्वेकडे वाहतोय. तेव्हा सरळ रेषेवर आणि तिच्या पूर्वेला शोधायचं.

"काकांचं यंत्र आहे म्हणून काम सोपं," साहेब बाईंना धीर द्यायला म्हणाले.

त्याच सकाळी बाई चहा घेऊन खाली गेल्या. दारात पिना काढल्या. काका टेबलाशी उभे होते, पोट कडेला टेकवलेलं. समोर पट्टीवर एक दुसरं होकायंत्र, घरचंच, कित्येक वर्षांचं जुनं. ते काही तपासायचं नव्हतं. पण हाताला काहीतरी हवं होतं.

"आज काय झालंय याला कुणास ठाऊक," काका पुटपुटले. "मागं बघितलं तेव्हा बरोबर होतं, आज बाजूला बघतंय. म्हातारं झालंय माझ्यासारखं." आणि चहा घ्यायला ते मागे वळले, कप घेऊन खिडकीशी गेले, समुद्राकडे बघत उभे राहिले.

बाई टेबलाकडेच बघत होत्या. काका दूर गेले तशी चकती हलली. हळूहळू फिरली आणि पट्टीवर येऊन थांबली, अगदी नेमकी.

बाईंना काही कळलं नाही. मग काका परत आले, पोट टेबलाला लागलं, आणि चकती पुन्हा बाजूला सरकली, मालक येताना बघून कुत्रं सरकतं तशी. "बघ," काका म्हणाले, "बघ कशी वाकडी बसते."

आता कळलं. एका क्षणात सगळं कळलं. डबा, अक्षरं, कात्री, सोळा चुंबकं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"बाई, काय होतंय?"

"काही नाही. झोप नाही झाली."

आता वाचणारा म्हणेल, तिथल्या तिथे सांगायला काय झालं होतं? बोटी शोधायला निघतायत, दिशा चुकतेय, सांगून टाकायचं! खरंच आहे. बाहेरून सगळं सोपं असतं. पण समोर तो माणूस उभा होता, दोन दिवस न जेवलेला, आणि एका वाक्यावर जगत होता की माझा काटा त्याला घरी आणेल. ते वाक्य बाईंनी कसं काढून घ्यावं? तुमच्या काट्यानं पोराला भलतीकडे नेलं, आणि तुमच्या काट्याला मी बिघडवलं. हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? बाईंनी स्वतःला समजावलं, दुपारपर्यंत येईल तो. इंजिनच असेल. सापडला की सांगू, हसत सांगू, मग खुशाल पट्टा खिडकीबाहेर टाकू देत. दुपार झाली. मग त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत. शोधायला गेलेल्या बोटी रिकाम्या आल्या. ढग फाटले होते, सूर्य पश्चिमेला पाण्यावर लालभडक टेकला होता. धक्क्यावर उभ्या राहून बाईंनी तो पूर्ण बुडेपर्यंत पाहिला, आणि घरी येऊन काकांना म्हणाल्या, "उद्या नक्की."

सत्तावीस वर्षं पोरांना डावा हात वर करायला लावणाऱ्या बाई त्या. स्वतःवर आली तेव्हा दोन्ही हात पदराखाली.

शुक्रवारी सकाळी साहेबांचा माणूस सांगून गेला की आजचा दिवस बघतील, उद्यापासून शोध कमी करतील. काका पायरीवर बसून होते. एकदम भडकले.

"त्यानंच काहीतरी ठेवलं असणार! चाकू ठेवला असेल काट्याशेजारी, पाना ठेवला असेल. कितीदा सांगितलं, लोखंड लांब ठेव, लोखंड लांब ठेव. ऐकेल तर शपथ. कार्टं लहानपणापासून निष्काळजी. माझ्या काट्याला बोल लागणार आता त्याच्यामुळे!"

हे मात्र बाईंना सोसलं नाही. पोर समुद्रात, आणि वर त्याच्यावर आळ. त्या उठल्या, काकांचा सदरा वर केला, पट्ट्याचा बंद ओढून सोडला आणि पट्टा त्यांच्या मांडीवर टाकला.

"दगड नाहीत यात. चुंबकं आहेत. सोळा. डब्यावर लिहिलं होतं. मी वाचलं होतं."

काका पट्ट्याकडे बघत राहिले. ओरडतील, हात उगारतील, काहीही करतील, बाईंना सगळं चाललं असतं. काका उठले, कमरेवर हात धरून आत गेले. पट्टा बाहेर ठेवून जुन्या होकायंत्राकडे पाहिलं. मग पट्टा बांधून पोट टेबलाला टेकवलं आणि पुन्हा पाहिलं. असं तीनदा केलं. माणूस रडत होता आणि मोजत होता.

"अकरा अंश," ते म्हणाले. "काटा पूर्वेला ओढला जातोय, म्हणजे त्याची चकती पश्चिमेला लागली."

मग नकाशा काढला. मासेमारीच्या पाण्यापासून घरापर्यंत सरळ रेघ होती. तिच्या डावीकडे अकरा अंशांवर त्यांनी दुसरी रेघ ओढली. ती जमिनीच्या टोकाला कुठेच लागली नाही. टोकाच्या बाहेरून निघून नकाशाच्या कडेपर्यंत गेली. काकांनी पट्टा आणि नकाशा उचलला, आणि ज्या माणसाला चार पावलं चालायला भिंत लागायची तो बंदराच्या कचेरीपर्यंत पळत गेला. बाई मागून. त्यांचे केस मोकळेच होते.

साहेबांनी नकाशा बघितला, पट्टा बघितला, एक शब्दही न विचारता माणसं पाठवली.

बोट सापडली ती दुपारी एकच्या सुमारास. त्याच रेघेवर, कडेच्या थोडी अलीकडे. उलटी झालेली, तळ वर. तळावर इंजिनवाला पालथा पडलेला होता, दोरीनं बांधून घेतलेला. जिवंत होता. शेजारी दोरीचं दुसरं टोक होतं. ते मोकळं होतं.

इंजिनवाल्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्याला बोलता येऊ लागलं तेव्हा काका आणि बाई त्याच्या खाटेशी बसले होते. ओठ फुटलेले, डोळे सुजलेले. त्याला सांगायचंच होतं, कुणी थांबवूनही थांबला नसता.

"बुधवारी पहाटे ढग जरा फाटले, काका. सूर्य वर आला. मी म्हटलं, अरे, हा सूर्य बघ, हा भलतीकडेच आहे. डावऱ्या उठला. त्याच्याकडे तोंड केलं, डावा हात पसरला. हसला. म्हणाला, आईच्या हिशेबानं घर इथे, बाबांच्या हिशेबानं तिथे. मी म्हटलं, सूर्य खोटं बोलेल का? वळव बोट. तर म्हणाला, नाही रे. आईच म्हणाली, समुद्रावर बाबांचं ऐक. सूर्य सरकतो, काटा सरकत नाही. आई कधी बाबांच्या बाजूनं बोलत नाही. ती बोलली म्हणजे खरंच असणार."

काकांनी तोंडावर हात घेतला.

"दुपारी टोक दिसायला हवं होतं. दिसलं नाही. मग डिझेल संपलं. मग वारा." तो थांबला. पाणी मागितलं. बाईंनी चमच्यानं पाजलं.

"कधीपर्यंत होता?" बाईंनी विचारलं. आवाज शाळेतल्यासारखा सरळ निघाला, त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"काल दिवसभर होता, बाई. बोलत होता. लांबवर बोटी दिसल्या होत्या आम्हाला, पूर्वेला, अगदी ठिपक्यासारख्या. आम्ही सदरे हलवले. त्या तिकडेच फिरत राहिल्या. तो म्हणत होता, बाबांना कळेल, बाबा हिशेब लावतील, इकडे पाठवतील. काल सूर्य मावळेपर्यंत होता. मावळताना म्हणाला, जरा डोळा लागतोय. मी दोरी धरायला हात केला तर—"

त्यानं रिकामी मूठ उघडून दाखवली.

बाई भिंतीकडे बघत होत्या. काल सूर्य मावळताना त्या धक्क्यावर उभ्या होत्या. तोच सूर्य. तिकडे उलट्या तळावर पोर त्याच्याकडे बघत होतं, इकडे आई. काल सकाळी सांगितलं असतं तर काल दुपारी एकला बोट सापडली असती. हे गणित करायला कुणी शिकवावं लागत नव्हतं. काल दुपारी एकला तो बोलत होता.

घरी परतल्यावर दोघं कार्यशाळेच्या पायरीवर बसले. वर जायचं त्राण नव्हतं. बाहेरच्या खुंट्या रिकाम्या, टोपलीत गुरुवारच्या पिना पडलेल्या, काढल्या त्या पुन्हा घालायच्या राहून गेल्या होत्या. माणसं येऊन गेली, काहीबाही बोलून गेली. काका जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले,

"तू पट्टा आणलास, पण मी रात्रभर थांबून तपासायचं सोडलं. माझ्या बापानं जन्मात ते सोडलं नव्हतं. दोष माझा. तू स्वतःला खाऊ नकोस."

बाई टोपलीतल्या पिना मोजत होत्या.

"आणि एक सांगतो, बाई. दुसरी असती ना, तर घाबरून लपवलं असतं तिनं. तुला कळलं तसं तू येऊन सांगितलंस, तिथल्या तिथे. म्हणून तो इंजिनवाला तरी वाचला. कुणाचं तरी पोर घरी आलं."

आता सांगायलाच हवं होतं. बाईंना ते स्पष्ट दिसत होतं. गुरुवारी सकाळी, चहाच्या वेळी, खुर्चीची पाठ धरून. एक दिवस. फक्त एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी मांडीवरचा डावा हात उचलला, वर्गातल्या पोरासारखा, खांद्याच्या दिशेनं, हळूहळू.

काकांना वाटलं, आधार हवाय. त्यांनी तो हात अर्ध्यातच आपल्या दोन्ही हातांत धरला, थोपटला, आणि पुन्हा मांडीवर ठेवला. बाईंनी तो तिथेच राहू दिला.